साधना वाढली, गंमत गेली

पायवाट
नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय चावून चोथा झालेला आहे हे मान्य, पण अडचण माझी स्वतःची आहे, म्हणून सहन करा.

गेली अकरा वर्षं साधना चालू आहे. दहा दिवसांची मौनाची दोन शिबिरं झाली, तीन वर्षं एका गुरूंकडे जात होतो (नाव विचारू नका, तक्रार काहीच नाही), त्यानंतर एकटाच. पहाटे तासभर बैठक, रात्री अर्धा तास. वाचनाचं तर बोलायलाच नको.

गेल्या रविवारी उठायला उशीर झाला, त्यामुळे बैठकीला उजाडल्यावर बसलो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, दार किलकिलं झालं. मुलगी, वय वर्षं सहा. "बाबा, गोगलगाय! हिच्या शिंगांना हात लावला की ती आत जातात. बघ ना." मी डोळे न उघडता म्हणालो, "नंतर." ती गेली नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, बहुतेक पळत आली असावी. मग तिने दार लावून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं, कडी वाजू न देता.

उरलेली चाळीस मिनिटं फार छान गेली. खरंच सांगतो, इतकी स्थिर बैठक महिन्याभरात झाली नव्हती. उठून बाहेर गेलो तर ती चित्र काढत बसलेली. गोगलगाय कुठाय म्हटलं, तर म्हणाली, "गेली." तक्रारीचा सूरच नाही. तिला सवय झालीय.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. मी शेवटचा पोट धरून कधी हसलो, आठवत नाही. काही छान वाटलं की मी लगेच तपासायला बसतो: हा खरा आनंद की नुसतं इंद्रियसुख? तपासणी होईपर्यंत ते वाटणंच संपलेलं असतं.

प्रश्न साधा आहे. आनंदाचा शोधच आनंदाच्या आड येतो का? येत असेल तर सोडून द्यावा का? पुस्तकं सुचवू नका, कपाट भरलंय.

तिरकस_तात्या
पहिला! मोक्षाच्या रांगेत नाही तर नाही, इथे तरी.

रिकामटेकडी
अकरा वर्षं? माझी बैठक अकरा मिनिटांच्या पुढे कधी गेली नाही आणि मी दिवसभर खिदळत असते. मिळालं उत्तर? :)
(हलकेच घ्या. तिने दार लावून घेतलं तिथे मात्र गलबललं.)

हिशेबनीस
पुस्तक सुचवत नाही, पण एक जुना हिशेब सांगतो. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाची चक्क मोजदाद आहे. एकक काय धरलंय बघा: तरुण, शिकलेला, धडधाकट, खंबीर माणूस आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. हा झाला एक मनुष्यानंद. याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, मग पितर, मग देवांचेच तीन प्रकार, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि शेवटी ब्रह्म. दहा पायऱ्या, दर पायरीला शंभरपट. म्हणजे एकावर वीस शून्यं.

गंमत पुढे आहे. पहिलं एकक सोडलं तर प्रत्येक पायरीवर तेच शब्द परत येतात: 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य'. म्हणजे, एवढाच आनंद कामनेचा मार न बसलेल्या जाणत्या माणसालाही असतो. इंद्राच्या पायरीवर इंद्राइतका, बृहस्पतीच्या पायरीवर बृहस्पतीइतका. जिना चढायचं कारणच नाही. पायवाट, तुम्हाला पैशाच्या कामनेचा मार बसला नसेल, मोक्षाच्या कामनेचा मात्र चांगलाच बसलेला दिसतोय.

तिरकस_तात्या
एक्सेलमध्ये टाकून बघितलं. रकान्यात नुसते ######## आले. ब्रह्म अनिर्वचनीय आहे, सिद्ध झालं.

सांजसावली
हिशेबनीस, मुमुक्षा (मोक्षाची ओढ) आणि कामना एकाच पारड्यात टाकू नका. पायात काटा रुतला की दुसऱ्या काट्यानेच काढतात. 'शोध सोडा' हे म्हणायला सोपं असतं, आणि ज्यांनी तो कधी धरलाच नाही तेच बहुतेक वेळा म्हणतात.

हिशेबनीस
मान्य. पण काटा निघाल्यावर दोन्ही फेकायचे असतात. इथे दुसरा काटा अकरा वर्षं मुठीत आहे आणि आता तोच टोचतोय.

सांजसावली
पहिला निघालाय हे तुम्ही परस्पर ठरवलंत.

रात्रपाळी
मी रुग्णालयात काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने विचारते. पायवाट, झोप कशी आहे? भूक? कामात लक्ष लागतं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज तसं होत असेल तर डॉक्टरांशी बोलावं. त्याला 'वैराग्य आलं' असं नाव देऊन वर्षानुवर्षं अंगावर काढणारी माणसं मी पाहिलीत. घरचेही कौतुक करत असतात, किती शांत झाला म्हणून.

दुसरं, ध्यानाने कधीकधी त्रासही होतो, हे आता लपून राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन अशा अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. भावना बोथट होणं हा त्यातलाच एक. सगळ्यांना होतं असं नाही, तसा त्यांचा दावाही नाही. पण 'तुमची साधनाच कमी पडतेय, अजून बसा' हे उत्तर दरवेळी बरोबर नसतं.

पायवाट
रात्रपाळी, आभार. झोप, भूक ठीक. कामात लक्ष लागतं. रस वाटत नाही असं नाही. रस येतो, आणि मी त्याला दारातच ओळखपत्र विचारतो, असं काहीतरी. तरी तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो.

सांजसावली, पहिला काटा निघाला की नाही हे मलाच माहीत नाही. तो कुठे रुतला होता हेही आता आठवावं लागतं.

ठोकताळा
आत्मा-बित्मा बाजूला ठेवून बोलतो (नास्तिक आहे, जुन्या सभासदांना ठाऊक आहे). १९७८ चा एक गाजलेला अभ्यास आहे. ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेले २२ जण, अपघातात लुळे पडलेले २९ जण आणि २२ साधी माणसं, अशा तिघा गटांना प्रश्न विचारले. लॉटरीवाले साध्या माणसांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, एवढं सगळेच सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. मित्राशी गप्पा, एखादा विनोद, कोणी केलेलं कौतुक, अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी साध्या माणसांपेक्षा कमी झाली होती. शिखर पाहून आलेल्याला गावची टेकडी दिसेनाशी होते.

माझा ठोकताळा: त्या दोन शिबिरांपैकी एकात पायवाट यांना लॉटरी लागलेली आहे. तेव्हापासून गोगलगाय स्पर्धेत टिकत नाही.

दुपारची_झोप
ठोकताळा, हाच अभ्यास 'अपघातग्रस्तसुद्धा तितकेच सुखी होते' असा सांगत फिरवतात. ते चूक ना?

ठोकताळा
चूक. ते साध्या गटापेक्षा कमीच सुखी होते, फक्त आपण धरून चालतो तेवढे दुःखी नव्हते. आणि इतक्या लहान गटांवरून फार ताणूही नये. मी ताणलं, पण मी ठोकताळा आहे.

पायवाट
लॉटरीचं बरोबर आहे. दुसरं शिबीर, सातवा दिवस. वर्णन करत नाही, केलं की खोटं वाटतं. त्यानंतर नऊ वर्षं मी प्रत्येक बैठकीत त्या दिवसाची वाट बघतोय. हे आज पहिल्यांदा लिहून काढलं आणि वाचून लाज वाटली.

सांजसावली
लाज कसली? पतंजलींच्या योगसूत्रांत नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, दिलेत. व्याधीपासून सुरुवात होते, मग स्त्यान (मनाची मरगळ), संशय, प्रमाद, आळस आणि पुढचे. सगळ्यात शेवटचा अनवस्थितत्व. साधनेतली एखादी अवस्था मिळते, पण तिथे ठरता येत नाही. ज्याअर्थी त्याला नाव पडलंय त्याअर्थी तुमच्याआधी पुष्कळांना झालेलं आहे. फक्त एक विचारते. तो सातवा दिवस तुम्ही वाट बघत असताना आला होता का?

पायवाट
नाही. त्या दिवशी मी कंटाळून घरी जायचं ठरवलं होतं. पिशवी भरून ठेवली होती.

रिकामटेकडी
अर्रर्र. मग पिशवी भरूनच बसत जा की रोज.

अवांतर: पतंजलींचं निघालंच आहे तर सांगते. 'संतोषादनुत्तमसुखलाभः' याचा अर्थ शाळेत असताना मी 'संतोष मानला की हलक्या प्रतीचं सुख मिळतं' असा लावला होता. त्यापायी कित्येक वर्षं जाणूनबुजून असंतुष्ट राहिले.

सांजसावली
ज्याच्याहून उत्तम दुसरं नाही ते अनुत्तम हो! (पण हसले.)

ओसरीवरची_आजी
वय ७४, टायपायला नातवाने शिकवलंय, चुका पोटात घाला.

गोरोबांची गोष्ट सगळ्यांना येते. नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताहेत, रांगतं पोर जवळ आलं, पायाखाली गेलं, कळलंच नाही. शेवटी पांडुरंग पोर परत देतो आणि ऐकणारे डोळे पुसतात. मी हे आख्यान पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा माझी थोरली रांगत होती. मला शेवट ऐकूच आला नाही. ती बाई पाणी आणायला जाताना 'पोराकडे बघा' एवढंच सांगून गेली होती. त्यांनी मान हलवली होती का? तिला वाटलं असेल, हलवली. ती निम्म्या वाटेत असेल तेव्हा. मी घरी येईपर्यंत हेच मनात.

गोरोबांना नावं ठेवण्याएवढी मी मोठी नाही. पण माणूस तल्लीन झाला म्हणजे सगळं भलंच झालं, असं नसतं. कशात तल्लीन झाला हे बघावं, आणि तेवढा वेळ पोराकडे कोण बघत होतं हेही बघावं. पायवाट, तुमची गोगलगाय गेली, पोर दारात उभी आहे. पुष्कळ झालं.

वीणेकरी
आजी, वयाचा मान राखून बोलतो. संतचरित्राची कौटुंबिक मालिका करू नका. चिखल म्हणजे देहभाव, पोर म्हणजे ममता. ती तुडवल्याशिवाय भक्ती नाही. हे रूपक आहे.

ओसरीवरची_आजी
असेल हो. पण रूपकाला कोणी कडेवर घेऊन फिरत नाही. पोराला घ्यावं लागतं.

तिरकस_तात्या
आजी __/\__

वीणेकरी
ठीक. मग सावतोबा घ्या. देवाला भेटायला पंढरीलाही गेले नाहीत, मळ्यातच देव पाहिला आणि खुरपं काही हातचं सोडलं नाही. तिथे कोणाचं काही तुडवलं गेलं?

ओसरीवरची_आजी
घेतले. त्यांच्यावर माझं काही म्हणणं नाही.

दुपारची_झोप
सावतोबांवरून आठवलं. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाईट या ख्रिस्ती पंथाच्या मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता (मृत्यू १६९१). वर्षानुवर्षं मठाच्या मुदपाकखान्यात राबला, नंतर वहाणा करण्याच्या कामावर. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ आपल्याला वेगळ्या वाटत नाहीत, असं तो सांगायचा. लोक एवढं वाचून त्याला धन्य धन्य म्हणतात. मला पटलेली गोष्ट दुसरीच आहे. ते काम त्याला मुळात अजिबात आवडत नव्हतं.

रिकामटेकडी
नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'थोर माणूस' म्हणाला आणि भांडी तशीच ठेवून गेला.

चाळिशीचा_चष्मा
भांडी घासण्यातल्या आनंदावर पुरुष फार छान लिहितात. मी तीस वर्षं घासतेय. त्यात काही नाही. कंटाळा आहे, कंबरदुखी आहे, आणि 'अगं राहू दे, मी करतो' म्हणून न केलेली वचनपूर्ती आहे.

कधीतरी एवढंच होतं. ताट नळाखाली जरा तिरकं धरलं की पाणी कडेपर्यंत एकसंध पसरतं, काच बसवल्यासारखं. ताट हललं की तो पापुद्रा एका बाजूने फाटत जातो आणि खालचं स्टील दिसायला लागतं. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत मी कोणाची कोणी नसते. मग पुढचं ताट. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय आहे त्यात? याला अध्यात्म म्हणणार असाल तर खुशाल म्हणा, फक्त त्याचे वर्ग काढू नका.

हिशेबनीस
चष्मा, दोन सेकंद अकामहत. वर एवढं संस्कृत लिहिल्याचा मला पश्चात्ताप होतोय.

तिरकस_तात्या
मी आत्ता जाऊन ताट धरलं. पाणी कोपरापर्यंत आलं, सदरा भिजला. अधिकारभेद असतो म्हणतात तो हाच.

ठोकताळा
चष्मा यांच्या बाजूने पुरावा आहे. २०१० मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना फोनमधल्या अ‍ॅपवरून दिवसात अवचित गाठून विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. छान छान गोष्टींकडे भटकलेलं मनसुद्धा हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी निघालं नाही.

दुपारची_झोप
पण मग पायवाट त्या रविवारी शंभर टक्के हजर होते की. श्वासावर. मन कुठेही भटकलं नव्हतं, आणि तरी चुकलंच.

ठोकताळा
हो. इथे माझा अभ्यास थिटा पडतो.

सांजसावली
माझाही. खरं सांगू का, मी असते तर मीही 'नंतर' म्हटलं असतं. वर एवढी वकिली केली, पण काल रात्रीपासून तेच आठवतंय. माझा मुलगा आता बावीस वर्षांचा आहे, दार वाजवून आत येतो आणि कामाचं बोलून जातो.

किडामुंगी
धागा उशिरा दिसला. अध्यात्मातलं कळत नाही, गोगलगायीतलं थोडं कळतं.

ती शिंगं नव्हेत. जमिनीवरच्या गोगलगायीला स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकांवर डोळे, खालची आखूड जोडी वास आणि चव घ्यायला. हात लावला की लांब स्पर्शिका नुसती आखडत नाही, मोज्याचं टोक आतून ओढावं तशी उलटी होत आत जाते, डोळ्यासकट. बाहेर येताना आधी बुंधा, आणि डोळा सगळ्यात शेवटी. घाई करायची नाही, हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. भिंग असेल तर मुलीला जरूर दाखवा. पाऊस पडून गेल्यावर रात्री ओलसर जागी शोधा, चकाकती रेघ दिसली की तिचा माग काढा.

हिशेबनीस
इंद्रियं आवरून घेण्यासाठी गीतेत कासवाचा दृष्टान्त आहे. पायवाट, तुमच्या दारात तर डोळा आत ओढण्याचं प्रात्यक्षिक आलं होतं, आणि तुम्ही डोळे मिटून बसलात!

तिरकस_तात्या
गुरू स्वतः दारी आला आणि 'नंतर' ऐकून परत गेला. तेही गोगलगायीच्या वेगाने. थांबवायला भरपूर वेळ होता.

पायवाट
दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

बैठक सोडली नाही. वेळही तीच. दार तेवढं उघडं ठेवतोय. रविवारी मुलगी आली, शेजारी मांडी घालून बसली आणि दोन मिनिटांत पाच वेळा "झालं?" म्हणून विचारलं. चौथ्यांदा मी चिडलो, खोटं कशाला सांगू. पाचव्यांदा हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर सवयीने तपासायला निघालो, तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी माझ्या पापण्या वर ओढल्या. अगदी जवळून तिचं नाक दिसलं. त्यावर वाळलेला रंग होता, हिरवा.

किडामुंगी, परवा रात्री पाऊस झाल्यावर टॉर्च घेऊन दोघं भिंतीपाशी गेलो. रेघ सापडली, कुंडीच्या मागे जाऊन संपली. गोगलगाय नाही. उलट्या मोज्याचं सांगितलं तर तिने तिथेच पायातला मोजा काढला, "असं?" म्हणून टोक आत-बाहेर करून दाखवलं, दहा वेळा तरी. आता त्या मोज्याच्या टोकावर पेनाने डोळा काढलाय. तोच मोजा घालून फिरते.

मूळ प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. सातव्या दिवसाची वाट बघणंही थांबलेलं नाही. वाट बघतोय हे मात्र मधूनमधून लक्षात येतं.

हिशेबनीस
योगसूत्रातले नऊ अंतराय पुन्हा तपासले. 'सहा वर्षांची मुलगी' त्यात नाही.

ओसरीवरची_आजी
मोजा धुवायला टाकू नका. डोळा जाईल.

किडामुंगी
कुंडी उचलून खाली बघितलंत का? दिवसा तिथेच असते.

रात्रपाळी
सगळं वाचून बरं वाटलं. डॉक्टरांचं काय झालं?

पायवाट
मंगळवारची वेळ घेतलीय. कुंडी नाही उचलली, आज बघतो.